नवव्या पानावरचे पंपवाले

मोबाइलवर ‘पंप दुरुस्ती’ असं लिहून शोधलं, की पहिल्या पानावर दहा निकाल येत. त्यांत तीन जाहिराती होत्या. दोन निबंध होते आणि दोन्हींची सुरुवात ‘पंप हे एक यंत्र आहे’ अशी होती. एका व्हिडिओत एक गृहस्थ पंप उघडून दाखवत, पण तो परत जोडता येण्याआधीच व्हिडिओ संपे. एक दुकान समुद्रापलीकडे होतं, एक जण जुने पंप विकत होता, आणि उरलेल्या दोन निकालांत पंप दुरुस्त झाला नाही म्हणून लोकांनी केलेल्या तक्रारी होत्या. एकूण दहा. हा शोध ज्या रस्त्यावर उभं राहून घेतला होता, त्या रस्त्यावर पंप दुरुस्तीचं एकच दुकान होतं. ते नवव्या पानावर होतं. त्याच्या खाली सायकलमध्ये हवा भरायचे पंप होते आणि वर हृदयविकाराची माहिती.

“हृदय कशाला आलं इथे?” दुकानाच्या मालकांनी विचारलं. त्यांना सगळे पंपवालेच म्हणत, चिडल्यावर बायकोसुद्धा.

“मामा, हृदय हाही पंपच,” भाची म्हणाली. “आणि त्याला तुमच्यापेक्षा जास्त लिंका आहेत.”

भाचीने वेबसाइटी वर आणण्याचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला होता आणि त्या विद्येला अजून गिऱ्हाईक मिळायचं होतं. मामांना मात्र खरोखरच घाई होती. दुकानात येणारे पंप कमी कमी होत चालले होते, आणि त्यांचे साडू एकशे बारा घरांच्या एका सोसायटीचे सचिव होते. सोसायटीत ‘देखरेख सहायक’ ही जागा रिकामी होती. साडूंनी ती पंपवाल्यांसाठी राखून ठेवली होती आणि ते भेटतील तिथे सांगत, “माझी काही घाई नाही. तुम्ही आरामात दुकान बंद करा, मग या.” पंपवाल्यांना पावसाळ्यात विहिरीत उतरायचं चाललं असतं. साडूंना साहेब म्हणायचं चाललं नसतं.

“सर्च इंजिन काही पंप उघडून बघत नाही,” भाची सांगू लागली. “नवीन भाडेकरू ठेवताना घरमालक काय करतो? चार ठिकाणी चौकशी करतो. चार जण बरं बोलले की खोली देतो. तसंच हे. दुसऱ्यांच्या वेबसाइटवर आपल्या वेबसाइटची लिंक असली, की ते समजतं, माणूस बरा असणार.”

“पण मी बरा आहेच की.”

“त्याला कोण साक्षीदार, मामा?”

पंपवाले साक्षीदार शोधायला निघाले. ते शेजारच्या दंतवैद्यांकडे गेले. त्यांनी आजवर डॉक्टरांचा पंप पाच वेळा दुरुस्त केला होता, त्यामुळे शब्द टाकायला संकोच वाटला नाही. डॉक्टर म्हणाले, “देतो लिंक. पण मलाही एक द्या.” दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांच्या वेबसाइटवर ‘दाढ काढल्यानंतर घ्यायची काळजी’ या लेखात चौथा परिच्छेद वाढला: ‘दाढ काढल्यावर चूळ भरावी. चूळ भरण्यास पाणी लागते. पाणी वर चढण्यास पंप लागतो.’ पंपवाल्यांनी परतफेड म्हणून आपल्या वेबसाइटवर लिहिलं, की पंपाची गळती आणि हिरड्यांमधला रक्तस्राव यांत लक्षणीय साम्य असून दोन्हीकडे दुर्लक्ष करू नये.

महिन्याभरात दुकान नवव्या पानावरून सहाव्यावर आलं. हृदय मागे पडलं.

रस्त्यावर ही बातमी पसरली. चष्म्याचं दुकान, ड्रायव्हिंग स्कूल, शिंपी, सगळेच आले. पण भाचीने सावध केलं. “मी तुम्हाला आणि तुम्ही मला, असं दिलेलं सर्च इंजिनला ओळखू येतं. गोल फिरवून द्यायला हवं.” म्हणजे पंपवाल्यांनी चष्म्याला द्यायची, चष्म्याने शिंप्याला, शिंप्याने डॉक्टरांना आणि डॉक्टरांनी पंपवाल्यांना. कोणी कोणाला दिली याचा गोंधळ होऊ नये म्हणून परस्पर लिंक सहकार्य समिती स्थापन झाली. दवाखान्यात खुर्च्या जास्त असल्यामुळे अध्यक्षपद डॉक्टरांकडे गेलं.

समितीपुढचा पहिला प्रश्न स्वाभाविकतेचा होता. लिंक मागून घेतल्यासारखी दिसता कामा नये, आपसूक मिळाल्यासारखी दिसावी, असं भाचीने सांगितलं होतं. त्यावर सखोल चर्चा होऊन एक दाखला ठरला: ‘सदर लिंक अर्जदारास कोणत्याही मागणीविना, केवळ गुणवत्तेमुळे, स्वाभाविकरीत्या प्राप्त झाली आहे.’ या दाखल्यासाठी अर्जदाराने आठ दिवस आधी तीन प्रतींत मागणी करायची होती.

दुसरा प्रश्न मजकुराचा. चष्मा आणि पंप एका वाक्यात आणायचे कसे? त्यासाठी निबंध शिकवण्यात हयात गेलेल्या एका निवृत्त बाईंना बोलावलं. बाईंना काहीही कशालाही जोडता येत असे. ‘चष्मा योग्य नंबरचा असेल तर पंपाचा फ्यूज उडाल्याचे वेळीच ध्यानात येते,’ असं त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. शिंपी म्हणाला, “बाई, माझं आणि ड्रायव्हिंगचं?” बाईंनी क्षणभर डोळे मिटले. “‘विजार घट्ट असल्यास ब्रेक वेळेवर दाबला जात नाही.’ पुढचा.”

आता पंपवाल्यांचा बहुतेक दिवस लेखनात जाऊ लागला. भाचीने ‘पंपप्रेमी परिवार’, ‘आम्ही आणि आमचा पंप’ अशा आणखी सात वेबसाइटी काढल्या. त्या पंपवाल्यांच्या दुकानाची मनापासून स्तुती करत, आणि त्याशिवाय दुसरं काहीच करत नसत. त्यांवरच्या ‘एक समाधानी गृहिणी’ या स्वतः पंपवाले होते. पहिल्या स्तुतीला त्यांना लाज वाटली. विसाव्या स्तुतीला त्यांनी बायकोला विचारलं, “तू कधी असं चार शब्द बोललीस माझ्याबद्दल?”

“आधी घरातला नळ दुरुस्त करा,” बायको म्हणाली. “मग मी पण समाधानी होते.”

दर महिन्याला भाची अहवाल सादर करी. त्यात एक रकाना तिला फार खुपत असे: ‘स्रोत अज्ञात’. हे म्हणजे रस्त्याने चालत येऊन दुकानात शिरणारे लोक. ते कोणत्या लिंकवरून आले हे कळत नसल्यामुळे कोणती लिंक चालते तेही कळत नव्हतं. “मामा, हे लोक मोजमाप बिघडवतात,” ती म्हणाली. पंपवाल्यांना ते पटलं. गिऱ्हाईक असून मोजता येत नसेल, तर ते आलं काय आणि न आलं काय?

तेवढ्यात पलीकडच्या इमारतीतल्या काकू आल्या. मागे हातगाडीवाला पंप घेऊन उभा होता.

“अरे, बघ बाबा जरा. काल रात्रीपासून टाकी कोरडी आहे.”

“बघतो काकू. तुम्ही कोणत्या लिंकवरून आलात?”

“मी समोरून आले. रस्ता ओलांडून.”

“ते धरता येत नाही,” पंपवाले नम्रपणे म्हणाले. “असं करा, जरा बाहेर उभ्या राहा. फोनवर दातांच्या डॉक्टरांचं पान उघडा. ‘दाढ काढल्यानंतर घ्यायची काळजी’, चौथा परिच्छेद. तिथे ‘पंप’ शब्दावर बोट ठेवा आणि मग आत या.”

“माझी कवळी आहे रे.”

“चालेल. वाचायला दात लागत नाहीत.”

“आणि माझा फोन बटणांचा आहे.”

“मग नातवाला घेऊन या.”

काकूंनी पदर खोचला. “घरात प्यायला पाणी नाही आणि तू मला दाढांचं वाचायला लावतोस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? चल रे गाडी वळव!”

त्या महिन्याच्या अहवालात ‘स्रोत अज्ञात’ हा रकाना प्रथमच शून्यावर आला. भाचीने पेढे हवेत म्हणून मामांकडे हट्ट धरला.

आणि मग तो दिवस उगवला. दुकान पहिल्या पानावर आलं, दुसऱ्या क्रमांकाला. सकाळपासून फोन वाजायला लागला तो थांबेना. पंपवाल्यांनी पाने, पक्कड, वॉशरचा डबा असं सगळं पुसून टेबलावर मांडून ठेवलं. पहिला फोन एका गादीवाल्याचा होता. त्याला पंपवाल्यांच्या वेबसाइटवर लिंक हवी होती. दुसरा फोन केस गळती थांबवणाऱ्या तेलाचा. गळतीचा विषय आपल्या दोघांचा सारखाच आहे, असं त्या माणसाचं म्हणणं पडलं. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस फोन आले. एकेचाळीस जणांना लिंक हवी होती. पंप कोणाचाच बिघडला नव्हता.

“मामा, हे यश आहे,” भाची म्हणाली.

“हो का?” पंपवाले म्हणाले. “मग मला भीती का वाटतेय?”

त्यानंतरच्या आठवड्यात सर्च इंजिनने नियम बदलले. आगाऊ कळवण्याची त्याची पद्धत नव्हती. खऱ्या शिफारशीला मान पूर्वीसारखाच राहणार होता. ओढूनताणून जमवलेल्या लिंका मात्र यापुढे गुन्ह्यात धरल्या जाणार होत्या. एकमेकांना घट्ट बांधून घेतलेला अख्खा रस्ता एका रात्रीत खाली गेला. पंपवाले एकतिसाव्या पानावर पोचले. तिथे वर-खाली कोण आहे हे सांगता येत नाही, कारण तिथवर कोणी गेलेलं नाही.

समितीची तातडीची बैठक झाली. सर्व लिंका स्वाभाविकरीत्या काढून टाकण्याचा ठराव एकमताने संमत झाला. काढलेली लिंक मुळात नव्हतीच, असा नवा दाखला तयार झाला. बाईंनी नवं वाक्यही दिलं: ‘दात व पंप यांचा परस्परांशी काहीएक संबंध नाही, याची वाचकांनी नोंद घ्यावी.’ डॉक्टरांनी ते वेबसाइटवर टाकलं, आणि कोणत्या पंपाशी संबंध नाही हे स्पष्ट व्हावं म्हणून ‘पंप’ शब्दावर लिंक दिली.

पंपवाल्यांनी दुकान उघडून चालत येणाऱ्यांची वाट पाहिली. पण चालत येणाऱ्यांना आता सवय राहिली नव्हती. त्यातल्या पुष्कळांना काकूंनी गाठून सविस्तर सांगितलंही होतं. दोन महिन्यांनी शटर खाली आलं. पाटीवरचा फोन नंबर तेवढा तसाच राहिला.

साडूंनी मन मोठं केलं. “या, या. इथे आपण नातं बाहेर ठेवतो. मला साहेबच म्हणा, म्हणजे तुम्हालाही बरं वाटेल.”

देखरेख सहायकाचं काम म्हणजे सोसायटीत काही बिघडलं की साहेबांना सांगायचं. पंधराव्या दिवशी सोसायटीचा पंप बंद पडला. पंपवाल्यांनी आवाज ऐकला, झाकणावर तळहात ठेवला आणि खिशातून पाना काढला.

“थांबा! हात लावू नका!” साडू धावत आले.

“साधा वॉशर गेलाय, साहेब. दहा मिनिटांचं काम आहे.”

“असेल. पण तुम्ही कर्मचारी. उद्या काही झालं तर सभासद विचारतील, साडूला का काम दिलं? आपला ठराव आहे. पहिल्या पानावर जो पहिला असेल, त्याला बोलवायचं. त्यात पक्षपात नाही. तुम्ही कितव्या पानावर आहात?”

“एकतिसाव्या.”

“मग? करा फोन.”

पंपवाल्यांनी सोसायटीच्या फोनवरून पहिल्या पानावरच्या पहिल्या कंपनीला फोन केला. एका गोड आवाजाने तक्रार लिहून घेतली आणि कारागीर निघाल्याचं कळवलं. कंपनीकडे कारागीर नव्हता, पानाही नव्हता. कंपनीकडे पहिला क्रमांक होता, आणि दुकानांच्या पाट्यांवरून उतरवून घेतलेले नंबर होते. तीन तासांनी पंपवाल्यांचा स्वतःचा फोन वाजला.

“काका, एक अर्जंट काम आहे,” तोच गोड आवाज म्हणाला. “एकशे बारा घरांची सोसायटी आहे. किती वेळात पोचाल?”

पंपवाल्यांनी समोरच्या पंपाकडे पाहिलं. “पोचलो.”

“इतक्या लवकर नको हो. गिऱ्हाइकाला वाटतं, आपल्याला कामच नाही. चाळीस मिनिटं लावा.”

पंपवाले चाळीस मिनिटं पंपाशेजारी बसून राहिले. मग त्यांचा फोटो मागवून घेऊन कंपनीने फोनवर पाठवलेलं ओळखपत्र त्यांनी साडूंना दाखवलं. साडूंनी त्यावरचा फोटो आणि समोरचा चेहरा दोनदा ताडून पाहिले आणि म्हणाले, “आता हरकत नाही. हे लोक बरे दिसतात. बघा, माणूस कसा ओळखपत्रासकट पाठवला!” दहा मिनिटांत वॉशर बदलला आणि पाणी चढलं.

सोसायटीत सगळी सुशिक्षित, वाचनाची आवड असलेली, तुमच्या-आमच्यासारखी कुटुंबं राहत होती. कोणीही न मागता त्यांनी सोसायटीच्या वेबसाइटवर ‘आमचे विश्वासू पंप दुरुस्तीवाले’ असं लिहून कंपनीची लिंक दिली. नऊ कुटुंबांनी कंपनीला पाचपैकी पाच तारे दिले. कार्यालयातर्फे अभिप्राय नोंदवणं देखरेख सहायकाच्या कामात मोडत असल्यामुळे एक नोंद पंपवाल्यांनी केली: चार तारे, काम चोख, कारागीर उशिरा आला.

सरासरी चार पूर्णांक नऊ झाली. उरलेल्या एकशे तीन कुटुंबांनी ती वाचून नंबर फोनमध्ये जपून ठेवला.