मोट्टैमाडीची वॉटर टेस्ट

"छताचं मी बघतो," असं मी बालाजीरावांना म्हणालो, तेव्हा माझ्या हातात त्यांच्याच घरची फिल्टर कॉफी होती. दुसऱ्याच्या घरची चांगली कॉफी पोटात गेली की माझ्या तोंडून अशी वाक्यं बाहेर पडतात. कल्पनाने (ही माझी बायको) टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, पण तोवर वाक्य पूर्ण झालं होतं.

बालाजीराव आमचे घरमालक. चेन्नईच्या मैलापुरात त्यांचं जुनं घर आहे. खाली ते, त्यांची पत्नी सरोजाअक्का आणि मुलगी हरिणी राहतात, वरच्या दोन खोल्यांत आम्ही. आमच्या खोल्यांसमोर उघडी गच्ची आहे. तिला इथे मोट्टैमाडी म्हणतात, आणि ती बरोबर त्यांच्या हॉलच्या डोक्यावर येते. ही मंडळी तंजावरची मराठी. पूर्वज काही पिढ्यांपूर्वी तिकडे गेले ते तिकडचेच झाले. त्यांची मराठी मला निम्मी कळते, माझी सांगलीची मराठी त्यांना निम्मी कळते, बाकीचं इंग्रजीवर भागतं.

तर झालं होतं असं, की हरिणीचं ठरत आलं होतं. शोळिंगनल्लूरला तिच्याच ऑफिसात असलेला विश्वजित तिने स्वतः पसंत केला होता. मुलगा तंजावरचा, मराठी, सगळं जमलेलं. फक्त त्याच्या आई शर्मिष्ठाबाई मान हलवत नव्हत्या. "आधी घर पाहीन, मग बोलेन," असं त्यांनी कळवलं होतं. त्या रविवारी संध्याकाळी घर पाहायला येणार होत्या, आणि पसंत पडलं तर तिथेच साखरपुडा. पसंत नाही पडलं तर काय, हे कोणी बोलत नव्हतं. हरिणी तर नखं खाऊन संपवून बसली होती.

त्यातच फोनवर हवामानाचे इशारे यायला लागले. समुद्रात काहीतरी गोल गोल फिरतंय, वादळी पाऊस येऊ शकतो वगैरे. मागच्या पावसात हॉलच्या छतातून थेंब गळला होता, तो नेमका पाहुण्यांच्या सोफ्यावर.

"अंकल, प्लीज," हरिणी मला म्हणाली, "त्या आंटी बसतील तिथे लीक नको."

"एक थेंब येणार नाही," मी म्हणालो.

हा आत्मविश्वास उगाच नव्हता. मी ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. आमच्याकडे तयार झालेली प्रत्येक गाडी शॉवरखाली उभी करतात आणि आत पाणी जातंय का ते बघतात. त्याला वॉटर टेस्ट म्हणतात. टेस्टशिवाय गाडी गेटबाहेर जात नाही, मग टेस्टशिवाय गच्ची वादळाला सामोरी कशी जाणार? मी शनिवारी सगळ्या भेगा बुजवल्या, त्यावर पांढरं वॉटरप्रूफिंग फासलं (थोडं स्वतःलाही) आणि रविवारी सकाळी टेस्टला सुरुवात केली.

पद्धत सोपी आहे. गच्चीचं पाणी जायच्या पाइपांची तोंडं बंद करायची, गच्चीत पाणी भरायचं आणि खाली जाऊन छताकडे बघत बसायचं. मी पाइपांत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले फडक्यांचे बोळे ठासून बसवले आणि टाकीला नळी लावली. टाकी संपली की मोटर लावायची, पुन्हा नळी. घोट्याच्या वर पाणी आलं. ऊन पडलं होतं, पाण्यात ढग दिसत होते, फार सुंदर दिसत होतं. मी फोटोही काढला. मग खाली जाऊन छत पाहिलं. कोरडं ठणठणीत! मला इतका आनंद झाला की मी बालाजीरावांना मिठी मारली. त्यांना मिठीची सवय नव्हती.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सरोजाअक्कांची किंकाळी आली.

"अय्यो! नळाला पाणी नाही! अस्कं पाणी कुठं गेलं?"

(अस्कं म्हणजे सगळं. हा शब्द मला त्या दिवशी पक्का पाठ झाला.)

आता हे मला आधी कळायला हवं होतं, पण सांगलीला वाढलेल्या माणसाला पाणी नळाला येतं आणि नळातून जातं इतकंच माहीत असतं. चेन्नईत उन्हाळ्यात पाणी टँकरने येतं. घराखाली जमिनीत हौद असतो, त्याला इथे संप म्हणतात, आणि तो संप अक्कांनी खास समारंभासाठी भरून घेतला होता. टँकरवाल्याची मनधरणी त्यांनी कित्येक दिवस केली होती, असं मला नंतर सांगण्यात आलं. मी तो सगळा संप उपसून गच्चीवर नेऊन ठेवला होता.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. समारंभासाठी बोलावलेला आचारी झारा हातात धरून दारात येऊन उभा राहिला. हरिणीचे डोळे भरले. बालाजीरावांनी स्वयंपाकघरात जाऊन नळ दोनदा उघडून पाहिला. ते चिडले असते तर बरं झालं असतं. माझ्या घशाला कोरड पडली आणि प्यायला पाणी मागायचीही सोय नव्हती.

"पाणी गेलेलं नाही," मी शेवटी म्हणालो. "वरती आहे."

"वरती म्हणजे?" बालाजीरावांनी विचारलं.

"मोट्टैमाडीवर. घोट्याएवढं."

"अहो," कल्पना म्हणाली, "आता पटकन जा, बोळे काढा आणि टँकरला फोन लावा."

"काढूं नका!" अक्का ओरडल्या. "एक थेंब वाया घालवूं नका! टँकर रविवारीं येत नाही. प्यायला कॅन आहेत. बाकीचं अस्कं वरनं आणायचं!"

म्हणजे बोळे राहिले ते अक्कांच्या हुकमाने, हे मी इथे नमूद करून ठेवतो. दुपारभर मी, बालाजीराव आणि आचारी बादल्या घेऊन जिना चढत-उतरत होतो. भांडी त्याच पाण्याने घासली गेली, फरशी त्याच पाण्याने पुसली गेली, आणि व्हरांड्यातलं अक्कांचं कोलम, म्हणजे रांगोळी, तेही त्याच पाण्याच्या सड्यावर उमटलं. चारच्या सुमाराला घर लखलखत होतं. हरिणी कांजीवरम नेसून आली आणि पहिल्यांदाच हसली. "थँक्यू अंकल," ती म्हणाली. मी "त्यात काय" असा चेहरा केला.

आणि मग एकदम अंधारून आलं.

वादळ म्हणजे काय ते मी सांगलीला पाहिलं नव्हतं. वारा असा सुटला की समोरच्या घराचा पत्रा आमच्या नारळाच्या झाडाला येऊन भेटला. पाठोपाठ पाऊस, आडवा. वीज गेली. आम्ही सगळे हॉलमध्ये जमून वर बघत होतो. एक मिनिट गेलं, पाच गेली. छत कोरडं! एक थेंब नाही! "बघा!" मी म्हणालो. बालाजीरावांनी या वेळी स्वतःहून माझा हात धरला.

"अहो," कल्पना हळूच म्हणाली, "ते बोळे?"

मी वर धावलो. गच्चीचं तळं झालं होतं. मी गुडघ्यांवर बसून हात घातला, बोळा ओढला. हलेना! फडकी फुगून पाइपात घट्ट बसली होती. वॉटर टेस्टसाठी मी बोळे इतके उत्तम बसवले होते की आमच्या कारखान्यात त्याबद्दल बक्षीस मिळालं असतं. मी ओढत होतो, पाऊस तोंडावर सपासप बसत होता, आणि तेवढ्यात पाणी जिन्याच्या उंबऱ्यावर चढलं आणि पायऱ्यांवरून खाली निघालं.

आता जिना उतरतो व्हरांड्यात, आणि व्हरांड्यापासून हॉल एक पायरी खाली आहे. समोरचा रस्ता दर वेळी नव्याने करताना उंच होत गेला, मग लोकांनी व्हरांडे उंच केले आणि घरं तेवढी खाली राहिली. सगळ्या गल्लीचं असंच आहे. त्यामुळे पाण्याने दुसरा कुठलाही विचार केला नाही. ते कोलम घेऊन, चपला घेऊन थेट हॉलमध्ये शिरलं. छतातून एक थेंबही आला नाही. पाणी दारातून आलं, मुख्य पाहुण्यांसारखं.

मी बोळा हातात घेऊन खाली आलो (एक अखेर निघाला), तेव्हा हॉलमध्ये सोफ्याचे पाय बुडाले होते, जिलेबीचा डबा तरंगत होता आणि बालाजीराव धोतर खोचून टोपाने पाणी बाहेर फेकत होते. हरिणी कांजीवरम गुडघ्यापर्यंत वर घेऊन झाडूने पाणी लोटत होती आणि रडत होती. तिने शेवटचा जोरात लोट बाहेर दिला, तो दारात उभ्या असलेल्या दोन पावलांवर जाऊन पडला. पावलं शर्मिष्ठाबाईंची होती.

मागे विश्वजित छत्री धरून उभा होता, ती छत्री केव्हाच उलटी झाली होती. मला वाटलं, संपलं. या पोरीचं लग्न मी मोडलं. एका टेस्टसाठी. मला खरंच रडू आलं. मी पावसाने चिंब होतो, म्हणून ते कोणाला दिसलं नसावं.

शर्मिष्ठाबाईंनी पायांकडे पाहिलं. मग हरिणीकडे. मग त्यांनी पदर खोचला.

"तशी नाही, पोरी," त्या म्हणाल्या, "कोपऱ्यातनं धरून लोट. विश्वा, पँट वर कर, ये आत!"

नंतर मेणबत्त्यांच्या उजेडात, ओल्या सोफ्यावर न बसता उभ्या उभ्याच साखरपुडा झाला. शर्मिष्ठाबाई अक्कांना म्हणाल्या की चेन्नईचं मोठं घर, शिकलेली पोर, आपल्या घरात हात भिजवेल की नाही याची त्यांना धास्ती होती. "रेशमी साडीत झाडू धरणारी पोर मला पुन्हा कुठं मिळायची?" हरिणी त्यांच्या गळ्यात पडून हुंदके देत हसत होती. मीही हसलो, जिलेबी खाल्ली. ती जराशी पचपचीत होती.

परवा बालाजीराव लग्नपत्रिका घेऊन वर आले. लग्न तंजावरला, थाटाचं. मी म्हणालो, "मांडवाच्या छताचं मी..." त्यांनी घाईघाईने माझ्या हातात पत्रिका दिली.

तारीख बघून मी दचकलो. त्या दिवशी आमच्या कारखान्यात वार्षिक ऑडिट आहे. क्वालिटीच्या एकाही माणसाला रजा मिळत नाही. "अरेरे," मी म्हणालो, "नेमका हाच दिवस कसा निघाला?"

बालाजीराव फार चांगले गृहस्थ आहेत, खोटं बोलत नाहीत. ते म्हणाले, "मुहूर्त पुष्कळ होते हो. पण तुम्हांला सुट्टी नसेल असा हा एकच निघाला."

"पण ऑडिटची तारीख तुम्हाला सांगितली कोणी?"

त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे कल्पना तंजावरला जायची बॅग भरत होती.