बुटक्याच्या दाढीचं प्रकरण

धाकट्याने बुटक्याची दाढी काढली ती कुणाच्या वाईटावर म्हणून नव्हे. त्या संध्याकाळी त्याला दुसरं काही सुचलं नाही, एवढंच.

(बुटका म्हणजे खराखुरा माणूस नव्हे. हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर लोक भलतंच धरून बसतात.)

धाकट्याच्या ताईकडे दर रविवारी एक खेळ चालायचा. जेवणाच्या टेबलाभोवती मंडळी जमायची. एकाने गोष्ट सांगत जायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, आणि आपलं पात्र आता काय करणार ते ज्याचं त्याने ठरवायचं. जमलं की फसलं ते फासे सांगणार. चष्म्याच्या दुकानातला चष्मेवाला दाढीवाला बुटका योद्धा व्हायचा. शिकवणीच्या बाई चेटकीण व्हायच्या (त्यांची मुलं म्हणायची, त्यात बाईंना वेगळं काही करावं लागत नाही). शाळेची बस चालवणारे काका गोष्ट सांगायचे. डोंगर, दऱ्या, राक्षस, सगळं त्यांच्या ताब्यात. आणि ताई वाटाडी. कंदील घेऊन सगळ्यांच्या पुढे चालणारी.

धाकटा कुणीच नव्हता. फोनवरच्या ग्रुपमध्ये त्याला घेतलं होतं, ते आतल्या खोलीत 'चहा ठेव' असं कळवता यावं म्हणून.

मग ताई गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि धाकटा एकटाच परत आला, तिच्या चपला पिशवीत घालून. आईवडील कधीचेच गेलेले. आता घरात आवाज करणारे दोघंच उरले, तो आणि फ्रिज. पहिल्या रविवारी त्याने सवयीने मोठं पातेलं चढवलं आणि सगळा चहा एकट्याने प्यायला. रात्रभर झोप आली नाही. (तशीही येत नव्हती.)

त्याने ग्रुपवर लिहिलं, 'या की रविवारी.' काकांनी उत्तर दिलं, 'बघू.' चष्मेवाल्याने जोडलेले हात पाठवले. बाईंनी वाचलं आणि काहीच पाठवलं नाही.

धाकटा रंगारी. शाळेशी त्याचं सातवीतच फाटलेलं. भिंतीवर ब्रश फिरवण्यापलीकडे त्याने आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी डोक्यात सणक आली आणि त्याने गोष्ट लिहिली. ती अशी: 'बुटक्याला उकडत होतं. बुटक्याने दाढी काढली. बुटका आता बरा दिसतो.' आणि दिली ग्रुपवर टाकून.

कपातला चहा निवायच्या आत दार वाजलं. चष्मेवाला हेल्मेटसकट उभा.

"दाढी काढलीस?"

"बुटक्याची."

"माझ्या बुटक्याची! अरे, त्याच्या आज्याची कुऱ्हाड त्या दाढीत लपवलेली होती!"

"मग आता कुऱ्हाड कुठंय?"

"तेच विचारायला आलोय! दुसऱ्याच्या पात्राचं आपण परस्पर ठरवायचं नसतं, खेळाचा पहिला नियम आहे. विचार तुझ्या ताईला..."

तो थांबला. हेल्मेटच्या काचेवर वाफ धरली. मग तो कॉटच्या कडेला टेकला, चहा प्यायला, कुऱ्हाडीबद्दल पुन्हा पहिल्यापासून भांडला आणि गेला.

दार लावल्यावर धाकट्याच्या लक्षात आलं, आज आपण माणसासारखं बोललो. 'शिडी धर' आणि 'दुसरा हात उद्या मारू' यापलीकडे कित्येक दिवसांत त्याच्या तोंडून काही निघालं नव्हतं. बोलावून माणसं येत नाहीत, पण त्यांच्या पात्राला हात लावला की हेल्मेट न काढता येतात, हा शोध त्याला लागला. माणूस शहाणा असता तर इथेच थांबला असता.

पुढच्या गोष्टीत चेटकिणीची बेरीज चुकली आणि काढा पिऊन ती स्वतःच हिरवी झाली. बाई गोष्टीची प्रिंट काढून, वर लाल पेन चालवून हजर.

"शुद्धलेखनाचं मी बोलतच नाही," बाई म्हणाल्या. "पण माझी चेटकीण? बेरजेत चुकेल?"

"घाईत होती, बाई."

"घाईत तू असतोस!" असं म्हणत त्या पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर बिस्किटांचे रिकामे पुडे सोडून काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दाराशी जेवणाचा डबा होता. बेल वाजवली नव्हती. बाई अजून रागावलेल्या होत्या.

काका आले ते बस घेऊनच.

"माझ्या डोंगरात लिफ्ट बसवलीस? वीज कुठून आणलीस रे?"

"तुमच्या राक्षसाच्या घरून. वायर टाकली."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, हसू आलं ते मिशीत दाबलं आणि अर्धा तास बस रस्त्यात आडवी ठेवून त्याला झापलं.

सगळं झकास चाललं होतं, पण एक गोष्ट धाकट्याला टोचायची. येत होते ते एकेकटे. आणि टेबलाशी कुणी बसायचं नाही. कॉट, स्टूल, खिडकीचा कट्टा, काहीही चालायचं. टेबलाला मात्र वळसा घालून जायचे.

म्हणून त्याने मोठा बार उडवला. गोष्टीत बुटक्याची नवी दाढी लिफ्टच्या दारात अडकली, ती सोडवताना चेटकीण पुन्हा बेरीज चुकली, दाढी उपटली गेली, आणि अख्खा डोंगर खाली बसला. शेवटी लिहिलं, 'खुलासा रविवारी संध्याकाळी, टेबलाशी.'

मग त्याला वाटलं, एवढी माणसं येणार तर खुर्च्या तरी बऱ्या दिसाव्यात. शनिवारी सकाळी त्याने कामावरून उरलेला हिरवा ऑइलपेंट काढला आणि खुर्च्यांना हौसेने जाड हात मारला. दुसऱ्याच्या घरी त्याने इतका जाड हात कधी मारला नसता. उद्यापर्यंत वाळेल, हा हिशोब.

मंडळी शनिवारी दुपारीच आली. तिघंही एकदम. डोंगर बसल्यावर कोण रविवारची वाट बघतंय!

"बसू नका!" धाकटा ओरडला.

"काय म्हणालास?" बाईंनी पर्स टेबलावर आपटली. "घरी आलेल्या माणसाला बसू नका?"

"तसं नाही बाई, खुर्ची..."

"खुर्ची काय तुझी एकट्याची? बसा हो काका. बघू कोण उठवतंय!"

आणि तिघंही, हट्टाने, चांगले रेलून बसले.

आधी बाईंच्या चेहऱ्यावरचा राग गेला. तिथे विचार आला. मग त्यांनी हळूच हात मागे नेला, पुढे आणला आणि त्याच्याकडे पाहिलं. हिरवा.

"टर्पेंटाइन?" काकांनी विचारलं.

"संपलं."

"दुकान?"

"शनिवारी बंद."

चष्मेवाला उठायला गेला, तर खुर्ची पण त्याच्याबरोबर उठली. बाई म्हणाल्या, "या गल्लीत माझी निम्मी शिकवणी राहते. मी अंधार पडल्याशिवाय जागची हलणार नाही." काकांचंही तेच म्हणणं पडलं. धाकट्याने चहा ठेवला. दुसरं काय करणार?

चहा पिताना काकांची नजर चौथ्या खुर्चीवर गेली. तिच्या पाठीवर ताईचा स्वेटर होता.

"ही का नाही रंगवलीस?"

"रंग संपला."

अर्धा भरलेला डबा कोपऱ्यात उघडाच होता. तो सगळ्यांना दिसत होता.

"आम्हा सगळ्यांची पार दशा केलीस," थोड्या वेळाने बाई म्हणाल्या. "मग वाटाडीबद्दल एकही ओळ का नाही लिहिलीस?"

धाकटा कप पुसत राहिला. "ती दुसऱ्याची आहे ना."

फ्रिजचा आवाज यायला लागला.

"शेवटच्या रविवारी ती कंदील घेऊन खिंडीत पुढे गेली होती," काका म्हणाले. "वाट बघून येते म्हणाली. आम्ही अजून तिथेच उभे आहोत. या टेबलाशी बसलो असतो तर पुढे काय झालं ते मला सांगावं लागलं असतं. नाही जमलं रे."

"मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"विसरलो?" चष्मेवाल्याचा आवाज चिरकला. "बुटका थंडीत उभा आहे! तोही दाढीशिवाय!"

बाईंना हसू फुटलं. मग डोळे पुसले. हात हिरवा होता हे विसरल्या, त्यामुळे चेटकीण शेवटी खरंच हिरवी झाली.

"तिचं खेचर कुठंय?" त्यांनी एकदम विचारलं. "सामानाचं?"

"मागेच राहिलंय, आमच्याजवळ," काका म्हणाले.

"रोज तिच्या मागून चाललंय. त्याला वाट माहीत असेल."

"असेल की. पण खेचर होणार कोण?"

तिघांनी धाकट्याकडे पाहिलं.

"खेचराला बोलता येतं?" त्याने विचारलं.

"नाही."

"लिहिता?"

"अजिबात नाही," तिघं एकदम म्हणाले.

बसायला कोरडी खुर्ची एकच होती. धाकट्याने स्वेटर उचलून मांडीवर घेतला आणि बसला. काकांनी फासा त्याच्या हातात दिला. त्याने तो तळहातात बराच वेळ घोळवला आणि टाकला. एक.

"खेचर बसलं," काकांनी जाहीर केलं.

"बसलं म्हणजे?"

"खिंडीत मधोमध बसलं. वाट अरुंद आहे. ते उठेपर्यंत कुणालाच पुढे जाता येणार नाही."

"कधी उठेल?"

"आता पुढच्या रविवारी बघू," काका म्हणाले. हे 'बघू' निराळं होतं.

अंधार पडल्यावर मंडळी भिंतीला पाठ लावून लावून गेली. (जिन्याची भिंत अजून हिरवी आहे. घरमालकाचा विषय वेगळा.)

त्याआधीच, मधल्या एका वारी, धाकटा कामावरून येऊन पाय धूत होता, तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपवर बाईंनी गोष्ट टाकली होती. 'खेचराच्या अंगावर पिसवा झाल्या होत्या. वाट दाखवायची सोडून ते चेटकिणीची टोपी खात बसलं. शिवाय त्याला ढेकर आली.'

धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचं खेचर! टोपी खाणार? शर्ट उलटा चढवून तो जिना उतरला, दोन गल्ल्या पळत गेला आणि बाईंच्या दारावर थापा मारायला लागला.

"माझं खेचर असं करणारच नाही!" दार उघडताच तो ओरडला. "दुसऱ्याच्या पात्राचं परस्पर ठरवायचं नाही, पहिला नियम आहे!"

आत चष्मेवाला बसला होता. काका बसले होते. मध्ये टेबल, टेबलावर फासे, आणि एक खुर्ची मोकळी.

बाईंनी त्याच्या उलट्या शर्टाकडे एकदा पाहिलं आणि स्वयंपाकघराकडे बोट केलं.

"आलास? खेचराचं नंतर बघू. आधी चहा ठेव."