हुपाजीचा घसा आणि ओढ्याचं पाणी

एका जंगलात एक ओढा होता, मुलांनो. उन्हाळ्यात तो लाजत लाजत वाहायचा. पावसाळ्यात मात्र अजिबात लाजायचा नाही.

पाण्याला किती ओढ आहे, हे धोंडू खेकड्याला बरोब्बर कळे. तो दगडाला नांगी रोवून बसे आणि ओढ जाणवेल तशी सांगे. पण त्याचा आवाज जेमतेम शेजारच्या दगडापर्यंत जाई. म्हणून वर जांभळीवर हुपाजी वानराला नेमलं होतं. धोंडू कुजबुजला की हुपाजी तेच मोठ्यानं सांगे. थोड्या ओढीला हलका हुप्प, जास्त ओढीला मोठा हुप्प. आवाज फारच चढला की काठचे प्राणी पिल्लं उचलून टेकडीवर जात.

टेकडीवर वाघीण राणीसरकार राहत. त्यांची एक तक्रार होती.

"पाणी थोडं असलं की आम्हाला इथं काही ऐकूच येत नाही. आवाज वाढवा!"

"सरकार, थोड्या पाण्यालाच एवढा ओरडलो, तर जास्त पाण्याला काय करू?" हुपाजीनं विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा बघू."

झालं! बोटभर पाण्यालाही जंगल दणाणू लागलं. काठचे प्राणी आधी पळाले, मग आवाज याहून चढेल तेव्हाच निघायचं, असं ठरवून बसले. दरबार खूश. "वा, किती बारीकसारीक कळतं आता!"

मग आषाढ आला. पाणी चढलं. हुपाजी जीव तोडून ओरडला.

"दुप्पट झालं रे!" धोंडू खालून म्हणाला.

हुपाजीनं तोंड आणखी वासलं. आवाज तेवढाच निघाला.

"आता चौपट!"

"धोंडूदादा, घसा संपला," हुपाजी रडकुंडीला आला. "आता तुम्ही काहीही सांगा, निघणार एवढंच."

काठावर गोदी मुंगशी कान देऊन बसली होती. "काकू, निघायचं का हो?" तिनं शेजारच्या घोरपडीला विचारलं.

"अगं, मघाशी एवढाच आवाज होता, आत्ताही एवढाच. पाणी थांबलंय. झोपव पोरांना."

गोदीनं पोरांना झोपवलं. थोड्याच वेळात पाणी बिळात शिरलं. एकेक पिल्लू तोंडात धरून तिनं कशीबशी टेकडी गाठली. बीळ गेलं. घोरपडकाकू तर वाहत वाहत पलीकडच्या जंगलात पोचल्या.

पूर ओसरल्यावर दरबार भरला.

"माझं घर गेलं, सरकार," गोदी म्हणाली.

"तो हुकूम मागे घ्या," धोंडू म्हणाला. "बोटभर पाणी नाही कळलं तरी कुणी बुडत नाही."

तो काय म्हणाला, ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

राणीसरकार हुपाजीकडे कौतुकानं बघत होत्या. "एवढा पूर आला, पण याचा आवाज तसूभर हलला नाही. केवढा हा धीर!"

हुपाजीचा घसा पार बसला होता. तो जोरजोरात दोन्ही हात हलवून नाही, नाही म्हणू लागला.

"आणि विनय बघा!" दरबारी म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या गळ्यात हार घातला.

तात्पर्य : मुलांनो, एरवीच टिपेला ओरडत जा. म्हणजे खरं संकट आलं तरी तुमचा आवाज चढणार नाही, आणि लोक तुम्हाला स्थितप्रज्ञ म्हणतील.