पेरिनाची तहान

नेवेंका उताणी पडली होती आणि लाल रंगाचा थेंब नेमका तिच्या भुवईवर पडला. वर होडीचा तळ, खाली धक्क्याचा थंडगार दगड, आणि बाजूला घडीच्या खुर्चीत तिचा नवरा येर्को, दुखरा गुडघा रंगाच्या रिकाम्या डब्यावर ठेवून.

“सुकाणूच्या मागे राहिलंय,” येर्को म्हणाला.

“दिसतंय मला.”

“दिसतंय तर लाव की.”

“तू ये खाली आणि लाव.”

“गुडघा वाकत नाही म्हणून गप्प आहे. नाहीतर तुला ब्रशला हात लावू दिला नसता.”

होडीचं नाव पेरिना. पेरिना म्हणजे येर्कोची आई. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, पण दर वसंतात त्यांचा तळ खरवडायचा, त्यांच्या फटींत लांबी भरायची, त्यांना रंग द्यायचा, हे काही सुटलं नव्हतं. जिवंतपणी त्यांनी एवढी सेवा कधी मागितली नव्हती. यंदा तर पोटातलं इंजिनही नेवेंकाच्याच गळ्यात आलं होतं. हिवाळाभर झोपलेलं ते डिझेलचं धूड उठवायचं म्हणजे तेल बदला, गाळणी बदला, नळ्यांतली हवा काढा. आणि हे सगळं डोकं खाली, पाय वर, धक्क्यावरच्या सूचना ऐकत. त्यापेक्षा तळाखाली पडून राहणं बरं. तळाला मागच्या बाजूला एक भोक होतं, हिवाळ्यात पावसाचं पाणी साचू नये म्हणून उघडं ठेवलेलं. त्यातून तिला बटणाएवढं निळं आभाळ दिसे. काम करताना तेवढीच सोबत.

हे सगळं ती एका शब्दावर सोसत होती. संत यूरेच्या सणाला गावातल्या संताची मूर्ती होडीतून खाडीभर फिरवतात, दर वर्षी वेगळ्या घरच्या होडीतून. यंदा पाळी येर्कोची. “एकदा संत पेरिनात बसू दे,” हिवाळ्यात शेगडीपाशी बसून तो म्हणाला होता, “मग विकून टाकू तिला.” नेवेंकाने ते वाक्य जपून ठेवलं होतं. पाठ दुखली की ती ते मनातल्या मनात म्हणून बघे. बरं वाटे.

आणि पेरिना वेळेत तयार झाली नाही, तर पाळी जाणार येर्कोच्या चुलतभावाकडे, लोव्रेकडे. लोव्रेची होडी प्लॅस्टिकची. कसलं खरवडणं नाही, कसली लांबी नाही, मागे मोटर टांगली की झालं. येर्को तिला टब म्हणायचा.

या गावात सगळ्यांचं आडनाव एकच, त्यामुळे घरं ओळखली जातात ती कुणीतरी कधीतरी केलेल्या फजितीवरून. लोव्रेच्या आजोबांनी एकदा दाट धुक्यात सकाळभर वल्ही मारली, आणि धुकं विरल्यावर कळलं की दोर धक्क्यालाच बांधलेला आहे. तेव्हापासून लोव्रेची नातवंडंसुद्धा ‘दोरवाले’. येर्कोचं घर मात्र चढावर होतं म्हणून नुसतंच ‘वरचे’. या बिनफजितीच्या नावाचा त्याला फार अभिमान होता.

सणाच्या आदल्या शनिवारी क्रेन आली. पट्ट्यांत बसून पेरिना हवेत उचलली गेली, येर्कोने तिच्या नाकावर वाइन ओतली, उरलेली जमलेल्या मंडळींनी प्यायली.

“दादा, होडी तर उचलली,” लोव्रे म्हणाला. “आता तुला पण उचलून आत ठेवायला सांगू का क्रेनवाल्याला?”

“तू तुझा टब सांभाळ. अंघोळीची वेळ झालीय.”

असं एकमेकांना टोचत असतानाच पेरिना पाण्यात उतरली आणि क्रेन पुढच्या गावाला निघून गेली. नेवेंका इंजिनपाशी उतरली. इंजिन खोकलं, थुंकलं, काळा धूर सोडला आणि चालू झालं. धक्क्यावर टाळ्या पडल्या. येर्कोने डोळे पुसले आणि धुराला नावं ठेवली. मग सगळ्यांना दिसलं की आत पाणी येतंय.

याचं कुणालाच काही वाटलं नाही. हिवाळाभर वाळलेलं लाकूड आक्रसतं, पहिल्या दिवशी फटींतून पाणी येतंच, मग फळ्या फुगतात आणि फटी मिटतात. गावात याला ‘होडी पिते’ म्हणतात.

“पितेय,” येर्को समाधानाने म्हणाला.

“पिऊ दे,” मंडळी म्हणाली.

नेवेंकाने इंजिन बंद केलं आणि बादलीने पाणी उपसायला घेतलं. ती एक बादली बाहेर टाकी तोवर दोन आत येत.

“यंदा जरा जास्तच पितेय,” थोड्या वेळाने लोव्रे म्हणाला.

“हिवाळा कोरडा गेला होता.”

“दादा, बसायची फळी तरंगायला लागली.”

“हलकं लाकूड आहे ते.”

“माझ्याकडे विजेचा पंप आहे. आणू?”

“टबातला पंप पेरिनाला लावायचा? आई वर बसून बघतेय.”

पाणी इंजिनच्या चाकाला लागलं तेव्हा येर्कोचा चेहरा उतरला. इंजिन बुडालं की गेलं. मग संत प्लॅस्टिकमधून जाणार, आणि पेरिना पुढची कित्येक वर्षं दुरुस्तीत राहणार. बुडालेली होडी कोण विकत घेतो? नेवेंकाच्या डोळ्यांपुढे पुढचे सगळे वसंत उताणे पडले. “बादली अजून एक आणते,” म्हणून ती चढ चढत घरी निघाली. पाय चालत होते, ती त्यांच्या मागून जात होती.

बादली स्वयंपाकघरात मोरीखाली असते. तिच्या शेजारी घरच्या द्राक्षांच्या शिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, मोठी काचेची बाटली. नेवेंका बादली उचलायला वाकली आणि तशीच राहिली. बाटलीच्या तोंडात लाकडी बूच होतं. हिवाळ्यात जुनं बूच भुगा होऊन पडलं, तेव्हा तिला हे ड्रॉवरमध्ये सापडलं होतं. इतकं चपखल बसलं की तिला वाटलं, देवानेच ठेवलंय. आता तिला त्याच्या कडेची लाल रंगाची रेघ दिसली. तोच लाल तिच्या भुवईवर होता.

भोकातून दिसणारं आभाळ तिला आठवलं.

तिने बूच उपटलं, बाटलीच्या तोंडात भांडी पुसायचं फडकं कोंबलं आणि बूच बाहीत लपवून उतार उतरली. शिरका कोपरापर्यंत ओघळत होता. वाटेत तिच्या डोळ्यांसमोर नाव उभं राहिलं: ‘बिनबुचे’. येर्को बिनबुचा, नातू बिनबुचा, पणतू बिनबुचा. येर्को यातून उठणार नाही, हे तिला माहीत होतं. गुडघ्यासारखं नव्हतं हे.

ती पेरिनात उतरली तेव्हा पाणी पोटरीपर्यंत होतं आणि सगळं गाव वाकून आत बघत होतं. एवढ्या डोळ्यांसमोर बाहीतलं बूच कसं काढायचं? तिने येर्कोकडे पाहिलं. येर्को तिच्या ओल्या बाहीकडे बघत होता. आणि मग अचानक, काही कारण नसताना, तो लोव्रेवर घसरला.

“तुझ्याच नजरेने झालंय हे सगळं. मेलेला टब तुझा.”

“दादा, मी काय केलं?”

“संताला त्यात बसवणार होतास ना? साबणाची वडी पण ठेव त्याच्या हातात. पाठ कोण घासणार, पाद्रीबाबा?”

मंडळी वळली. अशी मेजवानी कोण सोडतो? नेवेंकाला मात्र संताप आला. बायको बुडतेय आणि याला भांडण सुचतंय. तिने दात खाऊन इंजिनशेजारी पालथी पडून खांद्यापर्यंत हात गार, तेलकट पाण्यात घातला. बोटांना आत येणारी धार लागली. तिने बूच तिथे टेकवलं, दाबलं आणि पान्याच्या मागच्या बाजूने ठोकलं.

मग ती उठून पाणी उपसू लागली. भांडण संपलं तेव्हा पाणी चढायचं थांबलं होतं.

“बघा,” येर्को म्हणाला. “फुगलं लाकूड. याला म्हणतात लाकूड.”

लोव्रे हुंगत होता. “वहिनी, शिरक्याचा वास कसला येतोय?”

नेवेंका फार थकली होती. खरं सुचायला फार वेळ लागला असता. “घातला थोडा,” ती म्हणाली. “फळ्या लवकर फुगतात. माझ्या माहेरचा उपाय आहे.”

तिचं माहेर डोंगरात होतं. तिथे विहिरीपेक्षा मोठं पाणी कुणी पाहिलेलं नव्हतं. पण सगळ्यांनी माना डोलावल्या.

सणाच्या दिवशी संत यूरे पेरिनात बसले. इंजिन एकदाही खोकलं नाही. येर्को सुकाणूवर ताठ उभा होता, गुडघा विसरून. मूर्तीच्या पायाशी नेवेंका बसली होती, कुणाला कळू नये अशा बेताने एक पाय बुचाच्या वरच्या फळीवर दाबून.

संध्याकाळी तिने पालेभाजी आणि उकडलेले बटाटे पानात वाढले. येर्कोने शिरक्यासाठी बाटली ओढली आणि बुचाच्या जागी कोंबलेल्या फडक्याकडे बघत राहिला.

“ड्रॉवर रिकामा दिसला,” शेवटी तो म्हणाला. “मला वाटलं तू घातलंस.”

“मला ते काय आहे हेच माहीत नव्हतं. बूच नेहमी तूच घालतोस.”

“हं.”

नेवेंकाने घास खाली ठेवला. “म्हणजे ते भांडण...”

“लोव्रेची माफी मागायला हवी,” येर्को बटाटा कुस्करत म्हणाला. “त्याची पाठ पेरिनाकडे वळतच नव्हती. मेलेला टब म्हणावं लागलं.”

रंग लागलेली भुवई तिने उगीचच पुसली. “विकायची ना आता?” ती हळूच म्हणाली.

“म्हणालोय तसं,” येर्को म्हणाला. “शब्द दिलाय.”

तेवढ्यात दार वाजलं. लोव्रे होता, हातात रिकामी बाटली घेऊन, आणि त्याच्यामागे पायऱ्यांवर आणखी काही बाटल्या माणसांसकट उभ्या होत्या.

“शिरकेवाले आहेत का घरात?” लोव्रे म्हणाला. “वहिनी, बाबांची जुनी लाकडी होडी घरामागे पालथी पडलीय. म्हटलं, काढावी बाहेर. पण शिरका तुम्ही स्वतः येऊन घाला. आमच्या हाताला ते वळण नाही. यांचं पण तेच म्हणणं आहे.”

येर्को ते नाव तोंडात घोळवत होता. “शिरकेवाले,” तो पुटपुटला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की नेवेंकाला कळून चुकलं, पेरिना आता या जन्मी विकली जात नाही.

तिने लोव्रेची बाटली घेतली आणि फडकं उपटून ती भरायला लागली.

“घालीन मी,” ती म्हणाली. “पण आधी बूच शोधून ठेवा. शिरका मग.”