शेट्येबाईंचा भरतीचा वर्ग

शेट्येबाईंना वेळ विचारली तर त्या तिथी सांगतात. "किती वाजले हो बाई?" म्हटलं की बोटांवर काहीतरी मोजतात आणि म्हणतात, "आज षष्ठी. पाणी साडेचारला भरलं. आता उतरायला लागलं असेल." मनगटावर घड्याळ असतं. ते चालूही असतं. बाई बघत नाहीत, एवढंच.

आमच्या ऑफिसात आधी सगळ्यांना वाटायचं, बाई फार धार्मिक. शिपायाने तर मुलीच्या साखरपुड्यासाठी एकादशी कशी काय, ते त्यांना विचारलं. "सव्वाआठला भरती," बाई म्हणाल्या, "त्यात बसवा तुमचा साखरपुडा." त्याच एकादशीला त्यांनी माझ्या टेबलावर डबा उघडून तळलेला बांगडा खाल्ला. धार्मिकपणाचा विषय तिथे मिटला.

मी शिक्षण खात्यातला कारकून. निवृत्तीला थोडी वर्षं उरलीत आणि ती पोर्टल उघडण्याची वाट बघण्यात चालली आहेत. गरीब वस्त्यांमधल्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर पूरक वर्ग चालवणाऱ्यांना सरकार अनुदान देतं, त्यांचे अर्ज माझ्याकडे येतात. शेट्येबाई जन्मभर गणित शिकवून निवृत्त झाल्या आणि भाट्याच्या खाडीकाठी महिला मंडळाच्या खोलीत असा वर्ग घेऊ लागल्या. अनुदानातून वह्या येतात, मुलांना खाऊ मिळतो आणि इंग्रजी-विज्ञान शिकवणाऱ्या एका तरुण मुलीचं मानधन निघतं.

अडचण होती वेळेची. ओहोटी लागली की त्या वस्तीतल्या बायका तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायला खाडीच्या चिखलात उतरतात आणि शाळा सुटलेली असली तर मुलंही त्यांच्याबरोबर जातात. पाणी काही रोज एकाच वेळी उतरत नाही, दिवसाला पाऊण तास पुढे सरकतं. अष्टमीला संध्याकाळी भरती, म्हणून वर्ग गच्च. पुनवेला आणि अमावास्येला पाच वाजता खाडी रिकामी, म्हणून वर्गही रिकामा. त्या दिवसांत बाई सकाळी शाळेआधी शिकवायच्या. अर्जासोबत त्यांनी वेळापत्रक जोडलं ते प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंतचं.

"बाई, यात घड्याळाची वेळ लागते," मी म्हटलं.

"घड्याळाला खाडी माहीत नाही हो. तिथीला पाऊणने गुणा, की आली भरतीची वेळ. आमच्या मुलांना पाऊणकी तोंडपाठ आहे. तुमच्या पोर्टलला कुणी शिकवली नाही?"

पोर्टलवर दोनच चौकटी होत्या. वर्ग सुरू होण्याची वेळ आणि संपण्याची वेळ. तिथी चालत नव्हती. सकाळ चालत नव्हती, कारण योजना शाळेनंतरची. शुक्रवार होता, नेट दोनदा गेलं होतं, माझं डोकं दुखत होतं. मी पाच ते सात भरलं आणि मोकळा झालो.

"कुणी बघायला आलं म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"येतंय कोण!" मी म्हणालो. माझ्या सगळ्या नोकरीत कुणी आलं नव्हतं.

आणि आले. वरून एक साहेब तपासणीला येणार असल्याचा निरोप आदल्या दिवशी आला. दुसऱ्या दिवशी होती पौर्णिमा. मी बाईंना फोन लावला.

"एक दिवस थांबवा हो मुलांना."

"आणि त्या दिवसाच्या तिसऱ्या कोण वेचील? तुम्ही उतरताय?"

"मग मांडवीच्या वर्गातली मुलं आणून बसवू. एक तासाचा प्रश्न आहे."



"उसनी मुलं?" बाई म्हणाल्या. "आणि नावं काय सांगू त्यांची?"

दुसऱ्या दिवशी पाच वाजता साहेबांना घेऊन मी गेलो. खोली उघडी होती. फळ्यावर अपूर्णांक, जमिनीवर चटया, आणि खुर्चीवर ताठ बसलेल्या एकट्या शेट्येबाई.

"विद्यार्थी?"

"खाडीत." बाईंनी खिडकीकडे हात केला. दूरवर चिखलात पाठी वाकलेल्या दिसत होत्या. "परीक्षा घ्यायची तर इथूनच घ्या." आणि साहेबांनी हो-नाही म्हणायच्या आत त्या ओरडल्या, "पाऊणकी रे!"

चिखलातून आवाज आला, "चार पाऊणे तीन, पाच पाऊणे पावणेचार..." हात वेचत होते आणि तोंडं चालली होती. साहेब माणूस चांगला. शेवटपर्यंत ऐकलं, हसलेसुद्धा. मग खिशातून पेन काढून लिहिलं, 'निर्धारित वेळी निर्धारित ठिकाणी एकही विद्यार्थी उपस्थित नव्हता.' त्यात खोटं काहीच नव्हतं.

निघताना त्यांनी विचारलं, "मुलं येणार नाहीत हे माहीत होतं, तर खोली उघडून का बसलात?"

"पाच वाजलेत ना," बाई म्हणाल्या. बाईंच्या तोंडून भरतीची सोडून दुसरी वेळ मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मला वाटलं, साहेबांना टोमणा मारला.

अनुदान बंद झाल्याचं पत्र माझ्याच टेबलावर आलं. टपालात टाकलं असतं तरी चाललं असतं, पण मन धजेना. हातात घेऊन गेलो. अमावास्या होती, एव्हाना मलाही तिथी कळायला लागली होती. पाच वाजून गेले होते. खोली उघडी, चटया पसरलेल्या, बाई खुर्चीवर.

त्यांनी पत्र उभ्यानेच वाचलं. "त्या इंग्रजीच्या पोरीला आजच सांगायला हवं. दुसरीकडे काम बघेल बिचारी."

"बाई, ते पाच ते सात मी भरलं होतं," मी म्हणालो.

"तुम्ही दमला होतात त्या दिवशी."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आजसुद्धा बसलात? ओहोटी आहे."

बाई एक चटई उगाच सरळ करत राहिल्या. "रेश्मा म्हणून होती. सातवीतली. अशाच एका अमावास्येला तिच्या आईला ताप आला, म्हणून ती खाडीत गेली नाही. वही घेऊन इथे आली. मी कुलूप लावून फिरायला गेले होते. आज कोण येतंय, हे माझं गणित. सातपर्यंत पायरीवर बसली म्हणे. पुढच्या महिन्यात कोळंबी सोलायला लागली, ती कायमचीच. मिरकरवाड्याच्या बंदरात भेटते कधी. 'बाई, बऱ्या आहात ना?' म्हणून तीच मला विचारते."

बाईंनी पर्स उचलली, चपला घातल्या.

"ती पोरगी बस पकडायच्या आत तिला गाठते. तुम्ही बसाल जरा? कुणी आलंच तर बसवून घ्या. आज वर्ग नाही म्हणून सांगू नका."

मी बसलो. खुर्चीवर बसवेना, म्हणून चटईवर बसलो. सातपर्यंत कुणी आलं नाही. मी दोनदा उठून रस्त्यापर्यंत जाऊन आलो.