सात पायऱ्यांचा फ्रेंच जिना

"रेघ एकदा मारली, की मग तिच्या बाजूनं उभं राहायचं. खोडरबर काय, भित्र्या माणसाच्याही खिशात असतो."

हा आवाज चित्रकलेच्या मास्तरांचा. चाळीस वर्षांपूर्वी तो खडूच्या धुळीतून आला आणि पट्टीबाईंच्या कानात जो मुक्कामाला बसला, तो बसलाच. जगातल्या बहुतेक टिकाऊ इमारती याच तत्त्वावर उभ्या आहेत. चूक लहान असते तोवर खोडता येते. मोठी झाली की तिचे उद्घाटन करावे लागते.

पट्टीबाई एका वास्तुरचना कार्यालयात आरेखक होत्या. (अंबाड्यात फूटपट्टी खोचून ठेवण्याच्या सवयीमुळे हे नाव पडले. खरे नाव पगारपत्रकात सुरक्षित आहे.) या कार्यालयात एके दिवशी एक मालक आले. त्यांना फ्रेंच धाटणीचे उपाहारगृह बांधायचे होते. ते फ्रान्समध्ये चार दिवस राहून आले होते आणि पुरावा म्हणून त्यांनी चाळीस फोटो आणले होते. त्यांतल्या सदतीस फोटोंत मालक स्वतःच इमारतीपुढे उभे असल्यामुळे इमारत फक्त त्यांच्या कानांच्या आजूबाजूला दिसत होती. उरलेल्या तिनांत त्यांचा अंगठा होता. या सामग्रीचा तीन आठवडे अभ्यास करून कार्यालयाने फ्रेंच शैलीची लक्षणे निश्चित केली, ती अशी:

एक, उतरते राखाडी छप्पर आणि त्यात डोळे किलकिले केल्यासारख्या खिडक्या. दोन, नक्षीदार लोखंडी कठडे, ज्यांना टेकू नये. तीन, फुटपाथवर इतकी लहान टेबले, की एका वेळी एकाच कोपराची सोय व्हावी. चार, डाव्या कानामागे जिना.

मालकांना नकाशा वाचता येत नसे. ते तो उलटा धरून "छान, छान" म्हणत आणि तळघराला गच्ची समजत. म्हणून मोठ्या साहेबांनी ठरवले, की खेळण्यातल्या विटांची इमारत करूनच दाखवायची. संगणकातल्या चित्राला आत्मा नसतो, असे ते म्हणाले. (संगणक तेव्हा दुरुस्तीला गेला होता.) खोका मागवण्यात आला: तुकडे दोन हजार एकशे चाळीस, वयोगट आठ ते बारा.

पट्टीबाईंनी त्यात जीव ओतला. नखाएवढी वीट विटेवर बसली की बारीक 'टक्' असे वाजे, आणि त्या आवाजासरशी बाईंच्या कपाळावरची एकेक आठी उलगडत जाई. छप्पर झाले, कठडे झाले, वरच्या मजल्यावर बारा इवली टेबले मांडून झाली. मग पंधरा पायऱ्यांचा जिना घेतला. सातवी पायरी बसली आणि चपट्या विटा संपल्या.

बाईंनी आणखी आठ विटांसाठी भांडार विभागाकडे रीतसर अर्ज केला. भांडारप्रमुखांनी तो परत पाठवला: सदर वस्तू आठ ते बारा वयोगटासाठी असून अर्जदाराने वयाचा दाखला जोडलेला नाही. बाई दाखल्याच्या मागे असतानाच बैठक एक दिवस अलीकडे आली.

मालक जिन्यापाशी वाकले. सातव्या पायरीपुढच्या हवेत त्यांनी बोट फिरवून पाहिले. मग त्यांनी विचारले, "हा वर का जात नाही?"

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तेवढ्या वेळात त्यांना सुचले. "फ्रेंच माणूस पोहोचत नाही," ते म्हणाले. "तो फक्त निघतो."

मालकांचे डोळे भरून आले. पट्टीबाईंनी तोंड उघडले आणि मिटले. इतिवृत्तात नोंद झाली, की आरेखकांची संमती आहे.

खरी इमारत मग त्या खेळण्याबरहुकूम उभी राहिली. परवान्याच्या तक्त्यात 'जिना आहे काय?' असा प्रश्न होता, त्यापुढे 'होय' लिहिले गेले. तो कोठे जातो, असा रकाना नव्हता. शंका आली ती एकट्या मुकादमाला. वर जायचे कुठून, असे त्याने बाईंना विचारले. नकाशाप्रमाणे करा, असे बाईंनी सांगितले. मुकादमाने शिडी लावली, वर बारा टेबले चढवली, पांढरी कापडे अंथरली, काटे-चमचे मांडले, दिवे लावले, आणि खाली उतरून शिडी घरी नेली. (ती त्याची स्वतःची होती.)

उपाहारगृह सुरू झाले आणि धो धो चालले. पहिल्या महिन्यात शंभरातल्या त्रेसष्ट गिऱ्हाइकांनी जिन्याबद्दल विचारले, दुसऱ्यात नऊ जणांनी, तिसऱ्यात कोणीच नाही. (विचारणाऱ्यांना दारालगत वाऱ्यात बसवत, त्याचा या आकड्यांशी संबंध नसावा.) उलट प्रत्येकाला आता वरच बसायचे होते. खालून ते दिवे दिसत, मऊ, पिवळे, माहेरच्या खिडकीत कुणी जागे असावे तसे. वरच्या टेबलांसाठी उद्घाटनापासून नोंदवही होतीच, आणि नंबर ओळीनेच लागणार होते. वर्षभरात तिच्यात बाराशे सहा नावे झाली. वरच्या मजल्यावरच्या जेवणाबद्दल आजतागायत एकही तक्रार आलेली नाही.

बाई मुख्य आरेखक झाल्या. त्यांना हातांची खुर्ची मिळाली. एका प्रसूतिगृहाने आणि दोन ग्रंथालयांनी तसाच जिना मागवला. एका शाळेने तर चौथ्याच पायरीवर थांबण्याचा आग्रह धरला. मुले लहान असतात, हे कारण.

बाईंचा थोरला भाऊ, दादा, शिंपी होता. आई-वडिलांच्या मागे त्यानेच बहिणीला वाढवले. गिऱ्हाइकाच्या छातीभोवती टेप आवळली, की आता हा पळत नाही अशी खात्री करून तो सांगे, की तो जिना माझ्या बहिणीचा. उद्घाटनाच्या सकाळी सर्वांआधी उभे राहून त्याने वहिनीच्या साठाव्या वाढदिवसासाठी वरचे टेबल नोंदवले होते. क्रमांक एक. वहिनीने जन्मभर दुसऱ्यांच्या कपड्यांना काजे केली आणि दुसऱ्यांना वाढून उरेल त्यावर भागवले. एकदा तरी तिला कुणी वर बसवावे आणि वाढावे, एवढीच त्याची हौस.

चौदा महिने बाई त्याला सांगणार होत्या. दर रविवारी त्याच्याकडे जाताना त्या रस्ताभर वाक्य जुळवत. दारात पाय ठेवला की दादा वहिनीसाठी शिवत असलेला निळा कोट पुढे धरी, आणि वाक्य आल्या वाटेने परत जाई. कोटाला अस्तर लागले. मग खिसे. मग बटणे.

वाढदिवस उजाडला. दुपारी एक वाजता व्यवस्थापकाने वही उघडली आणि, कोणी नको म्हटलेले नसल्यामुळे, पुकारले, "क्रमांक एक." खालच्या सगळ्या टेबलांवरचे काटे जागच्या जागी थांबले. दादा आणि निळ्या कोटातली वहिनी हातात हात घेऊन चढू लागले. व्यवस्थापक खालीच अदबीने वाकून उभा राहिला, हात वरच्या दिशेला.

सातव्या पायरीवर दोघे थांबले. पुढे आठ पायऱ्यांएवढी हवा होती. दादाने पाय उचलला आणि तसाच धरला. बहिणीने केलेली वस्तू आहे, म्हणजे पुढे काहीतरी असणार, इतका तो पाय भोळा होता. वहिनीने त्याची बाही घट्ट पकडली.

कोपऱ्यातल्या टेबलावरून पट्टीबाई उठल्या. "दादा, पाय मागे घे. पुढे काही नाहीये. विटा संपल्या होत्या रे, म्हणून राहिला जिना."

मग त्यांनी सगळेच सांगितले: चपट्या विटा, वयाचा दाखला, साहेबांचा चष्मा, मुकादमाची शंका.  जिन्यालगत जेवणारे एक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी रुमालाने ओठ टिपले.

"बाई, ते आम्हाला पहिल्या दिवसापासून दिसतंय," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण आमचा चौथा नंबर आहे हो. जरा थांबला असतात तर काय बिघडलं असतं?"

पाचव्या आणि नवव्या क्रमांकांनी माना डोलावल्या.

वहिनी दादाला धरून एकेक पायरी उतरली. खाली नोंदवही उघडीच होती. टेबलापलीकडून लिहिलेली मापे उलटी वाचण्याची तिच्या डोळ्यांना सवय. तिने पाने चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवले. क्रमांक सहाशे सतरा: मुख्य आरेखक, एक व्यक्ती. (वही दर्शनी भागात ठेवलेली आहे. वाचकांनी आपापला क्रमांक पाहून घ्यावा.)

"वन्सं," ती म्हणाली, "हे तुम्हीच ना? तुम्हाला तर माहीत होतं."

सुयांनी टोचून टोचून खरबरीत झालेल्या त्या बोटाकडे बाईंनी पाहिले.

"मला वाटलं," त्या म्हणाल्या, "माझा नंबर लागेपर्यंत कोणीतरी पुढच्या आठ बांधून टाकेल."