एक पन्हा आणि दीड वीत

गाडी घ्यायची ठरल्यावर गुरुशांतने सगळ्यात आधी कपाटातली कोरी चादर काढली.

त्यांच्या घरात मोजमाप चादरीनेच व्हायचं. गुरुशांतच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, चाळीस वर्षं चादरींच्या कारखान्यात जॉबर म्हणून मागांवर आणि मागवाल्यांवर नजर ठेवली होती, आणि लोखंडी टेपवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. टेप वाकतो, गंजतो आणि शेजारी नेला की परत येत नाही, असं त्यांचं म्हणणं. चादरीचा पन्हा म्हणजे रुंदी मात्र साठ इंच म्हणजे साठ इंच. त्यांच्या देखरेखीखाली एकही चादर एकसष्ट भरली नव्हती, आणि भरली असती तर विणणाऱ्याचं काही खरं नव्हतं.

मोजायची होती सोलापूरच्या शुक्रवार पेठेतली त्यांची गल्ली. तोंडाशी ती बरी होती, पण मध्येच, आप्पांच्याच वयाच्या ईरम्माच्या कट्ट्यापाशी, तिचा गळा आवळल्यासारखा व्हायचा. एकीकडे कमरेला लागेल एवढा उंच कट्टा, दुसरीकडे विजेचा खांब. त्यापुढे चाळीस पावलांवर यांचं दार. गुरुशांत आणि त्याची बायको पायल यांनी चादर आडवी ताणली, उरलेलं अंतर गुरुशांतने हाताने मोजलं आणि दारातल्या खुर्चीत बसलेल्या आप्पांना ओरडून सांगितलं, "एक पन्हा आणि दीड वीत!"

"मग गाडी एक पन्हा आणि एक वीत घे," आप्पा म्हणाले. "दोन्हीकडनं तीन-तीन बोटं सुटली पायजेत."

गाडी दारापर्यंत यायलाच हवी होती, त्याला कारण आप्पांचे गुडघे. दोन वर्षांत त्यांनी गल्लीचं तोंड पाहिलं नव्हतं. रिक्षात बसायला वाकवत नव्हतं, आणि रिक्षापर्यंत चालवत नव्हतं. माढ्याला त्यांची थोरली बहीण वच्छला ब्याऐंशी वर्षांची झाली होती. दर रविवारी ती फोनवर विचारायची, "कवा येतूस रं?" आप्पा म्हणायचे, "येतो की आक्का, येतो." फोन ठेवल्यावर मग ते दोन्ही गुडघे चोळत दाराबाहेर बघत बसत. गुरुशांतला ते बघवत नव्हतं. त्याला स्वतःला रोज मोहोळच्या शाळेत शिकवायला जायचं होतं, म्हणून गाडी लागतच होती. पण उंच गाडी घ्यायची आणि आप्पांना दारातून उचलून माढ्याला न्यायचं, हा शब्द त्याने दिला होता.

मग नवरा-बायको काखोटीला चादर मारून शोरूम हिंडू लागले. पहिल्याच शोरूममध्ये दोघांनी एका चकचकीत गाडीच्या बॉनेटवर चादर पसरली, तेव्हा तिथला अमरेश नावाचा सेल्समन धावत आला. सोलापुरात चादर दिसली की आधी सत्कारच आठवतो. त्याने नम्रपणे हात जोडले.

"सर, आधी बुकिंग तरी करा. सत्कार डिलिव्हरीला करू."

"सत्कार न्हवं ओ, पन्हा बघालोय," गुरुशांत म्हणाला. "तुमी तिकडनं टोक धरा की जरा."

अमरेशने टोक धरलं आणि दुसऱ्या हाताने माहिती पुरवणं चालू ठेवलं. किती एअरबॅग, केवढा स्क्रीन, आणि शेवटी हुकमी एक्का टाकावा तसं सनरूफ.

"सोलापुरात सनरूफ?" पायल म्हणाली. "मे महिन्यात आमी घराच्या पत्र्यावर पोती टाकतो, आन तुमी टपाला भोक पाडून विकालाव?"

सनरूफ गळालं. मोठा स्क्रीन गळाला. चार शोरूम आणि अकरा गाड्या झाल्यावर एक छोटी एसयूव्ही बरोबर मापात बसली. सगळ्यात खालचं मॉडेल, रंग पांढरा, एक पन्हा आणि एक वीत. गुरुशांतला एवढा आनंद झाला की ॲव्हरेज विचारायचंच राहिलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण नवी गाडी आणि नवा नवरा यांना नुसतं तसंच बाहेर पाठवायची आपल्याकडे पद्धत नाही. गुरुशांतचा शाळेपासूनचा मित्र शाकीर याचं गाडी सजावटीचं दुकान होतं. शनिवारी त्याने गाडीला एक फेरी मारली आणि कपाळाला हात लावला.

"क्या रे गुरू, एकदम नंगी गाडी लेके आया तू! मॅट नको, व्हायजर नको? और आप्पा चढनार कैसे? गुडघे हैं ना उनके?"

"उंच हाय खरं," गुरुशांत विचारात पडला.

"फूटस्टेप लगाता मैं. दोनो बाजू. आप्पा पायरी पे पाय रखे, की बैठे. बस!"

आप्पांच्या गुडघ्यांसाठी म्हटल्यावर गुरुशांतने होकार दिला. दोन्हीकडच्या दारांखाली जाडजूड लोखंडी पायऱ्या बसल्या. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं गाडी वाढली. ती पुन्हा मोजावी हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही, कारण मोजायची चादर एव्हाना सीट खराब होऊ नये म्हणून मागच्या सीटवर पसरली होती.

रविवारी सकाळी आठ वाजल्यापासून आप्पा इस्त्रीचं धोतर, कोट आणि टोपी घालून दारातल्या खुर्चीत बसले. मांडीवर आक्कासाठी शेंगाचटणीची पिशवी. पायल आरतीचं ताट घेऊन तयार होती. साडेआठला गाडी गल्लीत शिरली. लोक बाजूला झाले. गुरुशांतने आरसे मिटले, श्वास रोखला आणि कट्टा आणि खांब यांच्या मधोमध गाडी घातली.

'कर्रर्र' असा आवाज झाला आणि गाडी थांबली.

पुढे घेतली, जाईना. मागे घेतली, येईना. दार उघडायला गेला तर ते कट्ट्यावर आपटलं. पलीकडच्या दाराला खांब. काच खाली करून त्याने बाहेर पाहिलं, तर हातभर अंतरावर कट्ट्यावर बसलेली ईरम्मा.

"अय्यो! गाडी हितंच लावणार काय रोज?" तिने विचारलं.

पाच मिनिटांत गल्ली गोळा झाली. बाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाला गाडी चालवता येत होती.

"स्टेरिंग डावीकडं मार!"

"डावीकडं नको बे, खांब हाय!"

"सनरूफ असतं तर वरनं तरी निघाला असता," एकजण म्हणाला. ते ऐकून पायलने आरतीचं ताट खाली ठेवलं आणि त्याच्याकडे असं पाहिलं की तो मागच्या रांगेत गेला.

एकाने कट्ट्याची कड फोडायचा ठराव मांडला. ईरम्मा कडेवरच सरकून बसली. "आधी मला फोडा," ती म्हणाली. मग शेजारच्या नूरबीने घरून शेंगदाण्याच्या तेलाची बरणी आणली. पायऱ्यांना तेल चोपडलं, मागून आठ जणांनी जोर लावला, गाडी वीतभर पुढे सरकली आणि पहिल्यापेक्षा पक्की बसली. आठही जणांनी हात झटकले. गुरुशांतला आतमध्ये घाम फुटला होता. डिकीतून रांगत बाहेर यायचा मार्ग होता, पण मोहोळहून मामाकडे आलेली, त्याच्याच वर्गातली दोन मुलं मोबाईल उंच धरून नेमकी मागेच उभी होती. नूरबीने खिडकीतून चहा दिला. तो त्याने बसल्या जागीच घेतला. दिलेला शब्द चाळीस पावलांवर अडकला होता, याचं त्याला रडूच यायचं बाकी होतं.

तिकडे दारात बसून आप्पा 'पुढं घे', 'मागं घे' ऐकत होते. चाळीस वर्षं जॉबर राहिलेल्या माणसाला एका मागावर वीस जणांचे हुकूम सहन होत नाहीत. दाराआड एक काठी होती. गुरुशांतने दोन वर्षांपूर्वी आणलेली, तिच्यावरचा प्लास्टिकचा कागदही निघाला नव्हता. आप्पांनी ती उचलली.

"सगळे गप बसा!"

तो आवाज कारखान्यातला होता. गल्ली गप्प झाली. आप्पा गाडीपुढे उभे राहिले, खाली बघून म्हणाले, "ह्या पायऱ्या कुणी लावल्या?"

गर्दीत उभा असलेला शाकीर नूरबीच्या मागे लपला.

"शाकीर, गाडीखाली जा. खांबाकडची पायरी खोल."

शाकीर मागून सरपटत आत गेला. वरून त्याच्या कानात शेंगदाण्याचं तेल ठिबकत होतं. पंधरा मिनिटांनी पायरी धप्पदिशी खाली पडली. पण आता गाडी सोडवायला मागून बघणारा हवा होता, आणि आप्पा पुढे. मध्ये गाडी. त्यांनी शेंगाचटणीची पिशवी ईरम्माच्या हातात दिली, कट्ट्याच्या दोन दगडी पायऱ्या चढले, कट्ट्यावरून चालत गुरुशांतच्या खिडकीपाशी आले.

"मागं घे. माझ्याकडं बघून घे."

"आप्पा, तुमी घरी जाऊन खुर्चीत बसा," गुरुशांत काकुळतीला येऊन म्हणाला. "आता निघंल गाडी. मी दारात आणतो. दारातनंच बसवणार हाय मी तुमाला!"

"आन मी हितवर काय उडत आलो व्हय?"

सगळ्यांनी आधी आप्पांच्या पायांकडे पाहिलं, मग कट्ट्याच्या उंचीकडे. पायलने पदर तोंडाला लावला. तिला हसू येत होतं की रडू, तिलाही कळलं नसावं.

आप्पा पलीकडे उतरले. काठी वर करून "येऊ दे, येऊ दे, बास!" करत गाडीमागे एकेक पाऊल टाकत त्यांनी ती गल्लीच्या तोंडापर्यंत नेली. पायलने तिथेच चाकाखाली लिंबं ठेवली, तिथेच ओवाळलं. आप्पांनी पुढचं दार उघडलं, एका हाताने वरची मूठ धरली आणि पायरीबियरी न बघता आत बसले.

"गुडघा दुखत न्हाई व्हय, आप्पा?" गुरुशांतने हळूच विचारलं.

"दुखतो की. लई दुखतो." आप्पा समोर बघत म्हणाले. "पण काठी घेऊन निघालं की दर दारात 'आप्पा, गुडघा कसा हाय?' सांगता सांगता जीव जातो रे. लाज वाटायची. आज कुणी विचारलंच न्हाई. सगळी तुझ्या गाडीचीच चौकशी करत होती."

गुरुशांतने गाडी चालू केली. तेवढ्यात शाकीर खोललेली पायरी खांद्यावर घेऊन, तेलाने चमकत धावत आला. त्याच्यामागे ईरम्मा लंगडत, विसरलेली चटणीची पिशवी घेऊन.

"गुरू, ही पायरी फिरसे लगाता मैं, आप्पांच्या गुडघ्याला..."

आप्पांनी ईरम्माच्या हातून पिशवी घेतली आणि तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"हिच्या कट्ट्याला लाव," ते म्हणाले. "म्हातारी झाली बिचारी. चढवत नसंल तिला."

आणि ईरम्माला उत्तर सुचायच्या आत त्यांनी काच वर केली.